५९०००१ : पिनकोडाची संख्या फोडून पाहताना

बेळगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमात आठवीत शिकते. 'एका मोठ्या संख्येचे गुणधर्म लिहून आणा' असं शाळेत सांगितलं, म्हणून तिनं आपला पिनकोड निवडला, ५९०००१. मोबाइलवर शोधल्यावर एक लांबलचक यादी मिळाली : विषम, वर्गमुक्त, 'स्फेनिक', 'डेफिशियंट', 'इव्हिल'. शेवटचा शब्द वाचून पोर हिरमुसली. आपल्या गावाचा नंबर वाईट आहे का, असं ती आईला विचारते. ताईंना जाणून घ्यायचंय की यातलं खरं महत्त्वाचं काय आणि मुलीला हे स्वतःच्या हातानं काढता येईल का.

ताई, मी तीस वर्षांहून जास्त काळ या भागातल्या मुलांना गणित शिकवलं. इतका मनापासून विचारलेला प्रश्न फार दिवसांनी आला, म्हणून सविस्तर लिहितो. कागद-पेन्सिल घेऊन तिलाही शेजारी बसवा.

आधी तिच्या मनातली भीती काढू. 'इव्हिल' हा इंग्रजीतला शब्दखेळ आहे, 'ईव्हन' म्हणजे सम या शब्दावरून केलेला. संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहायची आणि त्यातले १ मोजायचे. ते सम भरले तर त्या संख्येला हे नाव देतात. विषम भरले तर 'ओडियस' म्हणतात, तेही 'ऑड'वरून. त्यापलीकडे त्या नावात काही नाही. ५,९०,००१ द्विमान पद्धतीत असा दिसतो : १००१ ०००० ०००० १०११ ०००१. एकूण वीस अंक, त्यात १ सहा वेळा. सहा सम, म्हणून ते नाव.

पण त्या ओळीच्या मधोमध सलग आठ शून्यं आहेत, ती तिला दाखवा. ती का आली याचं उत्तर सुंदर आहे. ७६८ चा वर्ग ५,८९,८२४ होतो आणि आपली संख्या त्याच्यापेक्षा फक्त १७७ ने मोठी आहे. ७६८ म्हणजे ३ गुणिले २५६. म्हणून त्याचा वर्ग ९ गुणिले ६५,५३६ आणि ६५,५३६ म्हणजे २ चा सोळावा घात. द्विमान पद्धतीत ९ म्हणजे १००१. तो सोळा घरं डावीकडे सरकतो आणि १७७ ला उजवीकडची आठच घरं पुरतात. उरलेली आठ घरं रिकामी राहतात.

आता मुख्य मुद्दा. अशा याद्यांमध्ये दोन वेगळ्या जातीचे गुणधर्म एकत्र कालवलेले असतात. काही गुणधर्म संख्येच्या लिहिण्याचे असतात आणि काही खुद्द संख्येचे. आपल्या भागातल्या मुलांना हा फरक समजायला सोपा जातो, कारण ती रोज एकच आकडा वेगवेगळ्या रूपांत पाहतात. बसच्या पाटीवर कन्नड अंक, मराठी पुस्तकात देवनागरी, पत्रावर इंग्रजी अंक. लिपी बदलली तरी अंकांची बेरीज ५ + ९ + ० + ० + ० + १ = १५ च राहते, कारण तिन्ही लिप्या दहाच्याच पटीत मोजतात. पण द्विमान पद्धतीत गेलो की १५ नाहीशी होते आणि तिथे ६ येते. म्हणजे अंकांची बेरीज हा दहाच्या पद्धतीचा गुण झाला. याउलट ही संख्या ३ ने निःशेष भागली जाते ही गोष्ट दहाच्या पद्धतीत लिहा, दोनच्या लिहा किंवा पाच लाख नव्वद हजार एक चिंचोके मोजून ठेवा, बदलत नाही. माझ्या मते मुलीच्या वहीत या दुसऱ्या जातीला आधी जागा मिळावी.

हा नंबर मुळात पत्ता म्हणून तयार झाला. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस होते, संस्कृतचे कवीही. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. म्हणून बेळगावहून पश्चिमेला चंदगड तालुक्यात शिरलं की ५९ जाऊन ४१६ सुरू होतं. हे अंक टपालाच्या सोयीनं ठरले, तेव्हा पुढे जे गुणधर्म सांगतो त्यांचा गावाच्या चांगल्या-वाईटाशी काही संबंध नाही. पण रोज लिहिला जाणारा आकडा मुलाला आपला वाटतो आणि आपल्या वाटणाऱ्या संख्येवर मूल जास्त वेळ बसतं. मी वर्गात हेच पाहिलंय, म्हणून तिची निवड मला फार आवडली.

आता संख्या फोडू. दहावीच्या पुस्तकात अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत येतो : १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात एकाच प्रकारे मांडता येते, फक्त क्रम बदलू शकतो. तो धडा मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. खरं तर बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. (१०, १००, १००० या प्रत्येकाला ३ ने किंवा ९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज पुरते. हे कारण तिला जरूर सांगा, नुसता नियम नको.) ३ ने भागल्यावर १,९६,६६७ उरतात. इथून पुढे सरळ रस्त्यानं गेलं तर ७, ११, १३, १७ अशा मूळ संख्यांनी भागत जायचं. माझ्या वहीत मी असंच केलं होतं आणि एकेचाळिसाव्या भागाकाराला १९३ सापडला. एक दुपार गेली. नंतर लक्षात आलं की ३ बाजूला काढला नसता तर काम फक्त तीन संख्यांचे वर्ग काढून झालं असतं. तेच आता नीट सांगतो, कारण सगळ्या उत्तरात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याची ही रीत. विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडता आली की अवयव मिळाले, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). आपल्याला असा अ हवा की अ² मधून ५,९०,००१ वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरेल. ७६८ चा वर्ग कमी पडतो, म्हणून सुरुवात ७६९ पासून. एकेक अ तपासत गेलं तर एकतिसाव्या पायरीला उत्तर येतं. पण सगळे तपासायची गरजच नाही.

कोणत्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ येते. ५,९०,००१ ला ४ ने भागल्यावर बाकी १. म्हणून अ² ची बाकी १ आणि ब² ची ० असायलाच हवी, म्हणजे अ विषम. निम्मे उमेदवार गेले. विषम अ च्या शेवटी ३ किंवा ७ असेल तर अ² च्या शेवटी ९ येतो, त्यातून १ गेला की ८. पण कोणताही वर्ग ८ मध्ये संपत नाही. तेही गेले. अ च्या शेवटी १ किंवा ९ असेल तर वजाबाकीच्या शेवटी ० येतो, आणि ० मध्ये संपणारा वर्ग ०० मध्येच संपतो. म्हणजे अ² चे शेवटचे दोन अंक ०१ हवेत. ७६९ पासून ७९९ पर्यंत ही अट फक्त ७९९ पाळतो. आता शेवटी ५ असलेले तीन राहिले : ७७५, ७८५, ७९५. यांतल्या ७९५ ला ३ ने भाग जातो. अ ला ३ ने भाग जात असेल तर ब² लाही जायला हवा, मग दोन्ही वर्गांना ९ ने भाग जाईल आणि त्यांच्या वजाबाकीलाही. पण आपल्या संख्येला ९ ने भाग जात नाही हे आधीच पाहिलं. म्हणून ७९५ बाद.

एकतीस उमेदवारांतून तीन उरले. ७७५ चा वर्ग ६,००,६२५, वजा केल्यावर १०,६२४. १०३ चा वर्ग १०,६०९, पुढचा १०,८१६, म्हणजे हा नव्हे. ७८५ चा वर्ग ६,१६,२२५, वजा केल्यावर २६,२२४. १६२ चा वर्ग २६,२४४, थोडक्यात हुकला. ७९९ चा वर्ग तोंडी येतो : ८०० चा वर्ग ६,४०,०००, त्यातून १,६०० वजा, अधिक १, म्हणजे ६,३८,४०१. त्यातून ५,९०,००१ काढा. ४८,४०० राहिले. २२ चा वर्ग ४८४ हे ज्याला पाठ आहे त्याला इथे थांबावंच लागतं. ४८,४०० म्हणजे २२० चा वर्ग.

५,९०,००१ = ७९९² − २२०² = ५७९ × १०१९.

५७९ म्हणजे ३ × १९३. १९३ ला १३ पर्यंतच्या आणि १०१९ ला ३१ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येनं भाग जात नाही, म्हणून दोन्ही मूळ. शेवटी

५,९०,००१ = ३ × १९३ × १०१९.

आणि ३ आधी काढला असता तर? मग १,९६,६६७ = ६०६² − ४१३² हे शोधावं लागलं असतं. सुरुवात ४४४ पासून, म्हणजे ६०६ पर्यंत १६३ पायऱ्या. फर्माची रीत दोन अवयव जवळजवळ असले की ते लवकर शोधून देते. १९३ आणि १०१९ लांब आहेत, पण १९३ ला ३ नं उचलून ५७९ केलं की तो १०१९ च्या जवळ येतो. सोपा अवयव आधी काढून टाकायची आपल्याला शाळेपासून सवय असते. इथे तीच सवय काम पाचपटीनं वाढवते.

अवयव हातात आले की यादीतली बरीच नावं आपोआप सुटतात. तिन्ही मूळ अवयव वेगळे, एकही दोनदा नाही, म्हणून संख्या वर्गमुक्त. नेमके तीन वेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, असलेल्या संख्येला 'स्फेनिक' म्हणतात. ग्रीक भाषेत 'स्फेन' म्हणजे पाचर. सगळ्यात लहान अशी संख्या ३०, म्हणजे २ × ३ × ५. प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा की नाही, असे दोन दोन पर्याय, म्हणून विभाजक २ × २ × २ = ८ : १, ३, १९३, ५७९, १०१९, ३०५७, १,९६,६६७ आणि स्वतः ५,९०,००१. त्यांची बेरीज ४ × १९४ × १०२० = ७,९१,५२०. त्यातून संख्या वजा केली की २,०१,५१९ उरतात. ते संख्येपेक्षा कमी, म्हणून 'डेफिशियंट', आपण न्यून म्हणू. ६ किंवा २८ मध्ये ही बेरीज संख्येइतकीच भरते, त्यांना परिपूर्ण म्हणतात. तुलनेसाठी निपाणीचा ५९१२३७ घ्या. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने भाग जातो, आणि पूर्ण फोड ३ × ३ × १७९ × ३६७. त्यात ३ दोनदा आला, त्यामुळे तो वर्गमुक्तही नाही आणि स्फेनिकही नाही.

वजाबाकी झाली, तर दोन वर्गांच्या बेरजेत ही संख्या मांडता येईल का? नाही. आणि 'नाही' हे सिद्ध करणं आठवीच्या मुलीला जमतं. वर्गाला ३ ने भागलं की बाकी ० किंवा १ येते, २ कधीच येत नाही. दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा असेल तर दोन्ही बाक्या ० हव्यात. म्हणजे दोन्ही संख्यांना ३ ने भाग जातो, दोन्ही वर्गांना ९ ने जातो आणि बेरजेलाही ९ ने जातो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज १५. झालं. कितीही वर्ग शोधले तरी मिळणार नाहीत, हे एकही वर्ग न शोधता कळलं. माझ्या वर्गात पोरं इथे गप्प व्हायची, आणि ती शांतता मला कोणत्याही बरोबर उत्तरापेक्षा मोलाची वाटायची. तीन वर्ग चालत असतील तर मात्र मिळतात : ७६४² + ७९² + ८². म्हणजे ५,८३,६९६ + ६,२४१ + ६४. तिला बेरीज करून बघू द्या.

आता दशांश. १ ला ७ ने भागलं की ०.१४२८५७१४२८५७ असं सहा अंकांचं आवर्तन येतं. भागताना बाकी फक्त १ ते ६ मधलीच येऊ शकते आणि एखादी बाकी परत आली की अंक परत सुरू होतात. १ ला ५,९०,००१ ने भागलं तर आवर्तन किती लांब? ते पुन्हा अवयवच सांगतात. ३ चं आवर्तन १ अंकाचं, १९३ चं १९२ अंकांचं, १०१९ चं १०१८ अंकांचं. १९३ आणि १०१९ दोघंही शक्य तेवढं सगळ्यात लांब आवर्तन देतात, तसं प्रत्येक मूळ संख्या देत नाही. या तिघांचा लसावि ९७,७२८. एवढे अंक लिहून झाल्यावरच आवर्तन पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. सबंध वही भरली तरी पुरणार नाही, पण लांबी मात्र आपण एका लसाविनं काढली.

लिहिण्याच्या गुणधर्मांना मी दुसरी जागा दिली, तरी त्यांतही आनंद आहे, आणि तो आनंद जगाला दाखवणारा माणूस आपला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला ते शाळेत शिकवत. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ मध्ये शोधलं. (चारही अंक सारखे नकोत.) आपली संख्या सहा अंकी आहे, तिच्यावर तेच करून पाहू. ९५१००० − ०००१५९ = ९५०८४१. पुढे ९७०८२१, ९७४४२१, ८४९९४२, ७५३५४३ आणि ४२०८७६. इथे संख्या थांबत नाही, फेर धरते : ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सातांचा हा फेर कधीच सुटत नाही. या वजाबाक्या मुलीला करायला सांगा. कुठे चूक झाली तर बहुधा तिला स्वतःलाच कळेल, कारण अशा प्रत्येक वजाबाकीच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात येते.

कापरेकरांचीच 'हर्षद' संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भागली जाणारी. ५,९०,००१ ला १५ ने भाग जात नाही, म्हणून ती हर्षद नाही.

मुलगी विचारेल की अवयव काढून उपयोग काय. तेव्हा आरएसए या गुप्तलेखन पद्धतीबद्दल सांगा. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती १९७७ मध्ये मांडली आणि इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला ती वापरली गेली. दोन प्रचंड मूळ संख्या गुणायच्या आणि गुणाकार उघड करायचा. त्या गुणाकारापेक्षा लहान आणि त्याच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, हे ज्याला कळेल तो कुलूप उघडेल. आपल्या संख्येसाठी ते उत्तर २ × १९२ × १०१८ = ३,९०,९१२, कारण अवयव आपल्याला माहीत आहेत. अवयव माहीत नसतील तर हा आकडा काढायची सोपी वाट आजवर सापडलेली नाही. ५७९ × १०१९ हा गुणाकार मिनिटात होतो, उलट वाटेनं यायला आपल्याला एवढी युक्ती लागली. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये निघाले, तेही खूप संगणक एकत्र जुंपल्यावर.

वहीत तिनं काय लिहावं, हे विचाराल तर पहिल्या पानावर तीन मूळ अवयव आणि ७९९² − २२०² पर्यंत पोचायची वाट. यादीतली नावं त्यानंतर, प्रत्येकापुढे 'का' लिहून. आणि तिला अजून खेळायचं असेल तर खानापूरचा ५९१३०२ द्या. त्याला ४ ने भागलं की बाकी २ येते, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीत बाकी २ कधीच येत नाही, म्हणून फर्माची रीत तिथे पहिल्या पावलालाच अडते. आधी २ ने भागून २,९५,६५१ करावे लागतील. यावेळी ४ ने भागल्यावर बाकी ३ येईल, तेव्हा अ सम घ्यायचा की विषम, हे तिनं आधी ठरवावं.